वन्संची खिडकी

आमच्या मजल्यावरची सगळ्यांत मोठी भांडणं आवाज न होता व्हायची. नवीन आलेल्या माणसाला ते दृश्य पहिल्यांदा दिसलं की तो जिन्याच्या तोंडाशीच थबकायचा. पॅसेजच्या एका बाजूला स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बाई ओठ ताणून, भुवया उडवून, हातातला डाव नाचवत काहीतरी बोलते आहे. समोरच्या खिडकीतली दुसरी बाई तितक्याच आवेशाने उत्तर देते आहे. ऐकू मात्र काहीच येत नाही, फक्त कुणाच्या तरी मोरीतलं पाणी. मग पहिली बाई डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि भांडण तिथेच थांबायचं, कारण डोळे मिटले की वन्संचे कान बंद.

वन्सं माझ्या नात्यातल्या नाहीत. त्यांच्या समोरच्या बिऱ्हाडात कपडे शिवणाऱ्या वहिनी राहतात, त्यांची ही धाकटी नणंद. वहिनी त्यांना वन्सं म्हणतात म्हणून सगळा मजला म्हणतो, आणि वन्सं त्यांना वहिनी म्हणतात म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. मी पॅसेजच्या टोकाला राहते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे माझं नाव नुसतं ‘बाई’.

वन्सं कापडगिरणीत माग चालवायच्या. मागांच्या खात्यात एवढा आवाज असतो, की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ओरडून सांगितलेलं कळत नाही. म्हणून तिथल्या बायका ओरडतच नाहीत. ओठ मोठे हलवून, बोटांनी, मानेने, डोळ्यांनी बोलतात. चार रांगा ओलांडून पलीकडच्या बाईशी घरचं सुखदुःख बोलता येतं, फक्त तोंड दिसायला हवं. वन्संचं ऐकणं त्या आवाजातच हळूहळू झिजलं. ते नेमकं कधी गेलं हे त्यांना सांगता येत नाही. “सुट्टीच्या दिवशी खिडकीत बसले की चिमण्या ऐकू येईनात,” त्या मला एकदा म्हणाल्या. “मला वाटलं, चिमण्याच कमी झाल्या.”

त्यांचं लग्न झालं नाही. का झालं नाही, असं विचारणाऱ्याकडे त्या अशा बघायच्या की पुढचा प्रश्न तो स्वतःच गिळायचा. भाऊ आणि वहिनींबरोबर एकाच घरात राहायच्या तेव्हा रोज खटके उडायचे. वहिनींना भांडी घासून पालथी घातलेली लागतात, वन्संना उताणी. वहिनी सकाळी सकाळी बोलक्या असतात, वन्सं दुपारपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. एकमेकींच्या पायात पाय. शेवटी समोरची जागा रिकामी झाली तेव्हा भावाने ती बहिणीसाठी घेतली, आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या जिवाभावाच्या झाल्या.

यात मला नवल वाटलं नाही. एका बाकावर बसवलेल्या दोन मुली महिन्याभरात अबोला धरतात, आणि त्याच दोघींना मधली वाट सोडून शेजारच्या बाकांवर बसवलं की वर्षभर गुण्यागोविंदाने नांदतात, हे मी वर्गात किती वेळा पाहिलं होतं. मधली वाट महत्त्वाची. ती फार रुंद झाली तर मुली एकमेकींना विसरतात.

आमच्या जुन्या इमारतीत ती वाट बरोब्बर होती. पॅसेजला दोन्हीकडून स्वयंपाकघरांच्या खिडक्या, एकमेकींच्या अगदी समोर. खिडक्यांना लाकडी झडपा. गिरणीतली ती बोली वहिनी लग्नानंतर लगेच शिकल्या होत्या, आणि आता ती त्यांच्या तोंडात इतकी बसली होती की कपडे शिवायला येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलतानाही त्यांचे ओठ जास्तच हलायचे. वन्संचा नळ चालू राहिला, दूध वर आलं, दाराशी कुणी उभं राहिलं, की वहिनी आपल्या खिडकीतून हात उंचावायच्या. वन्सं मान वर करायच्या. ‘नळ!’ असं ओठांनी म्हटलं की काम झालं. वर ‘तुझं स्वतःचं बघ, फोडणी जळतेय’ असं उत्तर यायचं. भाऊ गेल्यानंतरही वन्सं एकट्या राहू शकल्या त्या या खिडकीच्या जोरावर. हे सगळ्यांना माहीत होतं. वन्सं सोडून. निदान त्या तसं दाखवायच्या.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. खांबांना तडे गेले होते, दुसरा इलाज नव्हता.

नवी इमारत आखणारी आर्किटेक्ट वयाने लहान होती, पण तिची एक पद्धत मला आवडली. घरांची मापं घेण्याआधी ती प्रत्येक घरात जाऊन बसली आणि एकच प्रश्न विचारत राहिली: “दिवसातला जास्तीत जास्त वेळ तुम्ही घरात कुठे असता?” लोकांना त्याचं उत्तर पटकन देता येईना. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन बराच विचार करून म्हणाले, “दारात.” त्यांची बायको आतून म्हणाली, “आणि मी त्यांच्या मागे, चपला उचलत.” कुणी म्हणालं जिन्याच्या पायरीवर, कारण तिथे वारा येतो. एका सुनेने हळूच सांगितलं, “मोरीत. तिथे कुणी हाक मारत नाही.” मुलगी हे सगळं मन लावून ऐकायची. मला म्हणाली, “बाई, आम्हाला खोल्या शिकवतात. लोक मात्र खोल्यांच्या मधल्या जागेत राहतात.”

वन्संना तिने तोच प्रश्न विचारला. वन्संनी तो तिच्या ओठांवरून नीट वाचला आणि आपल्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाल्या, “मला काही नको. उजेड द्या.”

खिडकीचं नावही काढलं नाही. समोर उभ्या असलेल्या वहिनींनीही काढलं नाही.

आराखडा आला तेव्हा प्रत्येक घराला त्याची प्रत मिळाली. पॅसेजला लागून प्रत्येक घराच्या दोन खोल्या होत्या. एक रस्त्याच्या टोकाची, भरपूर उजेडाची. दुसरी जिन्याच्या टोकाची, जरा अंधारी. वहिनींची बाहेरची खोली रस्त्याकडे आली होती, म्हणजे शिलाई मशीनला उजेड, आणि स्वयंपाकघर जिन्याकडे. वन्संचं बरोबर उलटं: स्वयंपाकघर रस्त्याकडे, बाहेरची खोली जिन्याकडे. पॅसेजकडे खिडक्या फक्त स्वयंपाकघरांना होत्या, आणि एकाही घराच्या खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी नव्हती. ते मुद्दाम केलेलं होतं. बहुतेकांनी तेच मागितलं होतं. समोरच्यांची भांडी मोजायची कुणाला हौस नव्हती, आणि आपली मोजू द्यायचीही नव्हती.

वहिनींचा मुलगा दुसऱ्या गावात नोकरी करतो. तो आराखडा बघायला आला आणि त्याच्या लगेच लक्षात आलं.

“आई, इथून आत्या दिसणार नाही.”

“नाही,” वहिनी म्हणाल्या.

“मग ती एकटी कशी राहणार? परवाचं दूध आठवतंय ना? भांडं जळून कोळसा झालं होतं.” त्याने दोघींकडे बघितलं आणि ओठ मोठे करून, आत्यालाही कळेल असं म्हणाला, “सरळ एका घरात राहा दोघी. दुसरं भाड्याने देऊ.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतका एकसारखा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

“एका घरात?” वन्सं म्हणाल्या. “आठ दिवसांत ही मला विष घालेल.”

“चार,” वहिनी म्हणाल्या.

मुलगा हसला नाही. “थट्टा पुरे. आत्या, एकत्र राहायचं नसेल तर तुझ्यासाठी वृद्धांची एखादी चांगली संस्था बघावी लागेल. मी मुद्दाम बोलत नाही हे. मला तिकडे झोप लागत नाही.”

तो प्रेमाने बोलत होता, म्हणून जास्त लागलं. वन्सं उठून आपल्या घरी गेल्या आणि त्यांनी झडप लावून घेतली. ती किती जोरात आपटते हे त्यांना कधीच कळलेलं नाही.

त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की नव्या घरात वन्सं कुणाच्या तरी नजरेत राहतील अशी सोय झाली नाही, तर त्यांचं स्वतःचं घर जाणार. घर म्हणजे त्यांच्या उताण्या भांड्यांसकट सगळं. वहिनींना मी विचारलं, “आर्किटेक्टशी बोलायचं का?” त्या हातातल्या कापडावरून नजर न उचलता म्हणाल्या, “बघू.” वन्संना विचारलं तर म्हणाल्या, “मला कुणाची गरज नाही, बाई. गिरणीत मी एकटी सहा माग बघायचे.”

मग आम्ही सगळे तात्पुरत्या भाड्याच्या घरांत पांगलो. त्या दोघी योगायोगाने एकाच चाळवजा इमारतीत शेजारी शेजारी राहिल्या, मधली भिंत सामाईक. भिंतीतून दिसत नाही. वहिनी दिवसातून कितीदा तरी शिवण टाकून पलीकडे डोकवायच्या आणि प्रत्येक वेळी “काय आहे? मी काय तान्हं बाळ आहे?” असं ऐकून परत यायच्या. दोघीही त्या काळात वाळल्या.

बांधकाम निम्म्याहून जास्त झालं तेव्हा घरं दाखवायला आम्हाला बोलावलं. भिंती उभ्या होत्या, गिलावा व्हायचा होता. सिमेंटचा ओला वास, पायाखाली खडी. आर्किटेक्ट मुलगी पुढे, आम्ही तिघी मागे. आमच्या मजल्यावर आलो आणि वहिनी जरा घाईने पुढे होऊन आपल्या दारातून आत शिरल्या. त्यांच्या चेहऱ्यावर, वाढदिवसाची भेट मागे लपवून उभ्या राहिलेल्या मुलीचा भाव होता. गंमत म्हणजे वन्संच्याही चेहऱ्यावर तोच होता, आणि त्याही आपल्या घरात घाईने शिरल्या.

वहिनी रस्त्याकडच्या खोलीच्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. ते त्यांचं स्वयंपाकघर होतं. समोर कोरी वीटभिंत.

वन्सं जिन्याकडच्या खोलीच्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. ते त्यांचं स्वयंपाकघर होतं. समोर कोरी वीटभिंत.

मी मध्ये पॅसेजमध्ये उभी होते आणि मला दोन्ही चेहरे दिसत होते.

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. आराखडा आल्यावर काही दिवसांनी वहिनी एकट्याच आर्किटेक्टच्या ऑफिसात गेल्या होत्या. ‘माझं स्वयंपाकघर रस्त्याकडे करा, म्हणजे नणंदेच्या समोर येईल. मशीन अंधाऱ्या खोलीत गेली तर जाऊ दे. पण तिला सांगू नका.’ मुलीने तसं करून दिलं. इकडे वन्संच्या हातात जुनीच प्रत होती. पाया भरून झाल्यावर त्या एकट्या बांधकामावर गेल्या. ऑफिसात जाऊन कागदावर बोलण्यापेक्षा हाताने काम करणाऱ्याशी बोललेलं बरं, असं त्यांचं मत. त्यांनी गवंड्याला गाठून सांगितलं, ‘माझं स्वयंपाकघर जिन्याकडे कर, म्हणजे वहिनीच्या समोर येईल. ओट्याशी उभं राहून रस्ता नाही दिसला तरी चालेल.’ इतरांना जसा रेडिओ, तसं ऐकू न येणाऱ्या बाईला स्वयंपाक करताना रस्ता बघणं; ते त्यांनी सोडलं होतं. गवंड्याने सुपरवायझरला विचारलं. सुपरवायझर म्हणाला, ‘अदलाबदलच तर आहे, दे करून,’ आणि ऑफिसात कळवायचं विसरला.

दोघींनीही एकमेकींकडे तोंड फिरवलं होतं आणि त्यामुळे पुन्हा दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना झाली होती.

दोघी बाहेर पॅसेजमध्ये आल्या. आणि मग त्या उघड्या इमारतीत, कामगारांच्या देखत, मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं मुकं भांडण झालं. कामगारांनी घमेली खाली ठेवली. मला ती बोली थोडीफार कळते, म्हणून जमेल तेवढं लिहिते.

‘वन्सं, तुमचं डोकं फिरलंय का? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’

‘आणि तुला कुणी सांगितलं होतं? अंधारात सुईत दोरा ओवणार होतीस? डोळे आधीच गेलेत तुझे.’

‘माझ्या डोळ्यांची काळजी तुम्हाला कधीपासून?’

‘तुझ्या नाही. तुझ्या डोळ्यांवर माझं दूध अवलंबून आहे.’

हे वाक्य वन्संच्या तोंडून निघून गेलं आणि त्या थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी कबूल केलं नव्हतं. वहिनींनीही ते ओठांवरून स्पष्ट वाचलं होतं. त्यांनी पदराने नाक पुसलं. वन्संनी डोळे मिटायची वेळ होती, पण त्यांनी ते मिटले नाहीत.

आर्किटेक्ट मुलगी बिचारी गोंधळली होती. तिने सुपरवायझरला बोलावलं. एकीचं स्वयंपाकघर परत फिरवता येईल का? नाही, पाण्याचे पाइप टाकून खालच्या-वरच्या मजल्यांना जोडून झाले होते. मग ती म्हणाली, “दोन्ही घरांच्या मधून आरपार जाता येईल असं काही करू का? पॅसेजमध्ये समोरासमोर जादा दारं काढून दोन्ही घरं जोडता येतील. या दारातून त्या दारात.”

“दार नको,” वन्सं मोठ्याने म्हणाल्या.

“दार नकोच,” वहिनी म्हणाल्या.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “अगं, दारातून माणूस आत येतो. मग त्याला बसायला सांगावं लागतं. यांना एकमेकींकडे जायचं नाही, एकमेकींना दिसायचं आहे. आणि नको तेव्हा दिसेनासं व्हायचं आहे.”

ती पॅसेजमध्ये एकदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. मग वहिनींच्या जिन्याकडच्या खोलीत गेली, जिथे मशीन येणार होती. त्या खोलीला पॅसेजकडे खिडकी नव्हती. तिने भिंतीवर हात ठेवला आणि विचारलं, “वहिनी, खरं सांगा. दिवसातला जास्तीत जास्त वेळ तुम्ही कुठे असता?”

“मशीनवर,” वहिनी म्हणाल्या. मग स्वतःच कपाळावर हात मारला. “अगबाई! मी ओट्यापाशी असते कुठे?”

म्हणजे इतकी वर्षं त्या मशीनवरून उठून स्वयंपाकघरात जायच्या, खिडकीतून बघायच्या आणि परत मशीनवर यायच्या. तो त्यांचा इतका अंगवळणी पडलेला हेलपाटा होता की आपण तो घालतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

त्या भिंतीवर इमारतीचा भार नव्हता. मुलीने खडूने चौकोन काढला, वन्संच्या खिडकीच्या बरोबर समोर. सुपरवायझर म्हणाला, “मॅडम, बांधलेली भिंत आहे.” मुलगी म्हणाली, “ती बांधायच्या आधी आपण सगळ्यांनीच एकमेकांना विचारायला हवं होतं.” गवंड्याने छिन्नी लावली. विटा एकेक करून निघाल्या आणि भोकातून आधी वन्संचा खांदा दिसला, मग कान, मग सगळा चेहरा.

‘दिसते का?’ वहिनींनी ओठांनी विचारलं.

‘म्हातारी दिसतेस,’ वन्सं म्हणाल्या.

आता आम्ही तिथे राहायला आलो आहोत. बाकीच्या काही घरांनीही हौसेने तशा खिडक्या पाडून घेतल्या. त्यातल्या निम्म्यांपुढे कपाटं आली आहेत, आणि त्यातही काही वाईट नाही. सगळ्यांना कुणी ना कुणी दिसायलाच हवं असं नाही. खालचे पोस्टमन दारातच बसतात. मुलीने दारांपुढे एक रुंद कट्टा बांधला आहे, त्याच्या खाली चपलांची जागा, त्यामुळे त्यांच्या बायकोचं एक काम कमी झालं आहे.

वहिनींचा मुलगा घर लागल्यावर आला होता. मशीनच्या खुर्चीत बसून त्याने समोर पाहिलं. आत्या ओट्याशी काहीतरी चिरत होती. त्याने हात उंचावला, आत्याने मान वर केली. तो एवढंच म्हणाला, “बरं.” संस्थेचा विषय पुन्हा निघाला नाही. पण आईला त्याने बजावून ठेवलंय: महिनाभर बघू.

तो गेला त्याच आठवड्यात दोघींचं वाजलं. कारण भांडीच. वहिनी वन्संकडे गेल्या होत्या आणि सवयीने त्यांनी रॅकवरची भांडी पालथी घातली. घरी येऊन मशीनवर बसतात तोच खिडकीतून वन्संनी त्यांचं जे काही उणंदुणं काढलं, ते मी पॅसेजमध्ये झाडांना पाणी घालताना पाहिलं आणि पाणी घालणं सोडून पाहत राहिले. शेवटी वन्संनी धाडकन झडप लावली. सगळा मजला हादरला.

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चला. लागलं बाई घर एकदाचं.”

त्या पुन्हा शिवायला लागल्या. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, वन्संच्या घरातून पाण्याचा आवाज येतो आहे. बादली भरून वाहत असणार. वहिनींनीही मान वर केली. समोर झडप बंद. हाक मारून उपयोग नाही. मी दाराशी जाणार तेवढ्यात त्यांनी मला खुणेने थांबवलं.

खोली अंधारी म्हणून मशीनवर एक मोठा दिवा बसवला आहे. त्याची मान वळवता येते. वहिनींनी ती समोरच्या झडपेकडे वळवली आणि बटण दाबलं. चालू, बंद. चालू, बंद. झडपेच्या फटीतून उजेडाची रेघ आत गेली, आली, गेली.

झडप उघडली. वन्संचा चेहरा अजून रागावलेलाच.

‘काय आहे?’

‘नळ!’

वन्सं आत गेल्या. पाण्याचा आवाज थांबला. त्या परत खिडकीत आल्या, वहिनींकडे एकदा रोखून पाहिलं, आणि झडप पुन्हा लावून घेतली.

या वेळी मात्र हळू. आणि फट मघापेक्षा जरा मोठी ठेवून.